बांध कोणी घालायचा?

गावाकडे तुमची थोडीफार जमीन असेल, तर बांध कोरणं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. बांध कोरणारा शेजारी भांडत नाही, आवाज चढवत नाही. दर साली नांगर धरताना एखादं तास बांधाच्या अंगाला जास्त घेतो, इतकंच. पाच-सात वर्षांनी बघावं, तर बांधावरची बाभूळ त्याच्या रानात उभी! मग तंटा, मग कज्जा, मग तालुक्याच्या गावाला हेलपाटे. शहाणी माणसं यातलं काही न करता सरकारी मोजणी मागवतात. मोजणीदार येतो, तो तुमचाही नसतो आणि शेजाऱ्याचाही नसतो. लगतच्या खातेदारांना आधी नोटीस गेलेली असते. नकाशा सर्वांच्या देखत उघडला जातो. खुणा घातल्या जातात, आणि एकदा घातल्या की दोघांनाही त्या मानाव्या लागतात.

आज मला ज्या बांधाविषयी सांगायचं आहे तो मातीचा नाही. डोळ्यांनी तो दिसतही नाही. पण तुमच्या मताचं मोल त्यावर ठरतं. हा बांध म्हणजे मतदारसंघाची हद्द.

तुम्ही म्हणाल, हद्द इकडे काय नि तिकडे काय! मत ज्याला द्यायचं त्यालाच आपण देणार. खरं आहे. पण जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसा. एक तालुका धरा. त्यात सारख्या वस्तीची पंधरा गावं. नऊ गावं एका पक्षाची, सहा दुसऱ्या पक्षाची. पाच-पाच गावांचे तीन मतदारसंघ करायचे आहेत. आता पहिल्या पक्षाच्या माणसाच्या हाती पेन्सिल दिली, तर तो प्रत्येक मतदारसंघात आपली तीन आणि दुसऱ्याची दोन गावं घालील. तिन्ही जागा त्याच्या! तीच पेन्सिल दुसऱ्याच्या हाती द्या. तो पहिल्या पक्षाची पाच गावं एका मतदारसंघात कोंबून टाकील, आणि उरलेल्या दोन मतदारसंघांत आपली तीन-तीन व त्याची दोन-दोन गावं ठेवील. तीनपैकी दोन जागा आता त्याच्या. गावं तीच, माणसं तीच, मतं तीच. एकही मत खोटं पडलं नाही, एकही पेटी फुटली नाही. फक्त रेघ बदलली, आणि सहा गावांनी नऊ गावांवर राज्य केलं.

ही नुसती पाटीवरची गंमत नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८१२ साली हेच घडले. एल्ब्रिज गेरी हे तिथले गव्हर्नर. त्यांच्या पक्षाने राज्याच्या सेनेटचे मतदारसंघ आपल्या सोयीने नव्याने पाडले आणि गेरींनी त्या कायद्यावर सही केली. एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ तर इतका वेडावाकडा झाला, की बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्याला नखे, पंख आणि जबडा काढून पालीसारख्या प्राण्याचे व्यंगचित्र छापले. इंग्रजीत त्या प्राण्याला सॅलमँडर म्हणतात. त्याला गेरींचे नाव जोडून ‘गेरीमँडर’ असा शब्द तयार झाला. त्या वर्षीच्या निवडणुकीत विरोधी पक्षाला मते किंचित जास्त पडली; जागा मात्र ४० पैकी २९ गेरींच्या पक्षाला मिळाल्या. दोनशे वर्षे उलटून गेली. गेरी पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांच्या नावाची पाल मात्र जगभर फिरते आहे.

रेघ वाकडी काढल्याने अन्याय होतो, तसाच तो रेघ जुनी झाल्यानेही होतो. इंग्लंडकडे पाहा. ओल्ड सॅरम नावाच्या ठिकाणी एके काळी गाव होते. पुढे ते उठून गेले, माळरान उरले. तरी १८३२ सालापर्यंत त्या माळरानातून पार्लमेंटात दोन सभासद जात असत. डनिच नावाचे बंदर समुद्राने गिळले, पण त्याचेही दोन सभासद सुखरूप राहिले! आणि त्याच काळात गिरण्यांनी गजबजलेल्या, लाखावर वस्तीच्या मँचेस्टरला स्वतःचा एकही सभासद नव्हता. इथे कोणी बांध कोरला नव्हता. माणसे चालत गेली आणि बांध जागच्या जागी राहिला. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ही जुनी दुकाने बंद झाली.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. बांध कोणी घालायचा? आणि तो पुन्हा केव्हा मोजायचा? आपल्या देशाने या दोन प्रश्नांना काय उत्तरे दिली, ते आता पाहू.

२६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अमलात आली. प्रौढ मताधिकार मिळाला. सतरा कोटींवर मतदार, लोकसभेच्या ४८९ जागा. पण मतदारसंघच कुठे होते? १९४१ ची खानेसुमारी जुनी झालेली. मधे फाळणी होऊन लाखो माणसे इकडची तिकडे झालेली. १९५१ च्या खानेसुमारीचे आकडे अजून हाती यायचे होते. तेव्हा अंदाजाने लोकसंख्या ठरवून काम सुरू करावे लागले. हद्दी कोणी आखाव्यात याविषयी घटनेत स्पष्ट काही नव्हते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने वाट काढली ती अशी : निवडणूक आयोगाने प्रत्येक राज्यासाठी संसद-सदस्यांच्या समितीशी विचारविनिमय करून मसुदा तयार करावा, राष्ट्रपतींनी आदेश काढावा, आणि तो संसदेपुढे ठेवावा. संसदेला त्यात फेरफार करण्याची मुभा होती.

आता यात कुणाचा हेतू वाईट होता, असं मी म्हणत नाही. घाई होती, आणि काम अफाट होतं. पण बघा, ज्यांना उद्या त्याच शेतात नांगर धरायचा, त्यांनाच बांधावर फावडं घेऊन बोलावलेलं! व्हायचे तेच झाले. या आखणीने ना पक्षांचे समाधान झाले, ना व्यक्तींचे. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने सरकारला सल्ला दिला, की यापुढे हे काम एका स्वतंत्र आयोगाकडे सोपवावे. सरकारने तो मानला, आणि १९५२ साली परिसीमन आयोगाचा कायदा झाला. परिसीमन हा शब्द कानाला जड लागतो खरा. त्याचा साधा अर्थ शीव आखणे, एवढाच.

हा पहिला आयोग तिघांचा होता. दोन आजी किंवा माजी न्यायाधीश आणि तिसरे स्वतः मुख्य निवडणूक आयुक्त. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती एन्. चंद्रशेखर अय्यर हे अध्यक्ष होते. पुढे १९६३ साली आणि १९७३ साली असेच आयोग नेमले गेले. या दोन्हींचे अध्यक्ष न्यायमूर्ती जे. एल्. कपूर होते. चौथा आयोग २००२ साली न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली बसला. त्यात मात्र एक फरक होता. दुसऱ्या न्यायाधीशाच्या जागी त्या त्या राज्याचा राज्य निवडणूक आयुक्त आला.

न्यायाधीश आणले म्हणून न्याय आपोआप होतो असे नाही. मोजणीदार कितीही सरळ असला तरी त्याला साखळी लागते, नकाशा लागतो, नियम लागतात. ते नियम कोणते?

पहिला नियम माणसे सारखी वाटण्याचा. एका राज्यातल्या प्रत्येक मतदारसंघात, शक्य तिथवर, सारखी लोकसंख्या असावी. लोकसंख्या म्हटलं, मतदार नव्हे. पाळण्यातलं मूलही इथे मोजलं जातं, कारण आमदार त्याचाही असतो. दुसरा नियम भूगोलाचा. मतदारसंघ आटोपशीर असावा, त्याचे तुकडे इथे-तिथे विखुरलेले नसावेत. मधे नदी-डोंगर काय आहेत, रस्ते कुठून जातात, तालुका-जिल्ह्याच्या हद्दी कुठे आहेत, लोकांची सोय कशात आहे, हे पाहावे. तिसरा नियम, विधानसभेचा प्रत्येक मतदारसंघ पुरताच्या पुरता एकाच लोकसभा मतदारसंघात बसला पाहिजे. चौथा राखीव जागांचा. अनुसूचित जमातींच्या जागा जिथे त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त तिथे द्यायच्या. अनुसूचित जातींच्या जागा, त्यांचे प्रमाण तुलनेने जास्त असेल अशा भागांत, पण राज्यभर विखरून द्यायच्या. कोणत्या पक्षाला कुठे किती मते पडली, हे या नियमांत कुठेच येत नाही. मोजणीदार पीक बघत नाही, जमीन बघतो. तसंच हे.

राखीव जागांवरून आठवले. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत राखीव जागेसाठी पुष्कळदा दोन सभासदांचा एक मोठा मतदारसंघ करीत असत. एक जागा राखीव, एक सर्वांसाठी. १९५२ च्या लोकसभेसाठी असे ८६ मतदारसंघ होते. उत्तर मुंबईचा असाच होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे उभे राहिले आणि पराभूत झाले. असे मतदारसंघ फार पसरट होत, उमेदवाराची दमछाक होई. १९६१ साली कायद्याने ते मोडले, आणि १९६२ पासून एक मतदारसंघ, एक सभासद अशी रीत सगळीकडे आली.

नियमांनंतर येते कामाची पद्धत. राज्यातले काही खासदार आणि आमदार आयोगाबरोबर सहयोगी सदस्य म्हणून बसतात. त्यांनी बोलावं, माहिती द्यावी, वाद घालावा. पण त्यांना मत नाही, आणि निर्णयावर सहीही नाही. लगतच्या खातेदाराला नोटीस असते, तो मोजणीला हजर असतो, पण साखळी त्याच्या हाती देत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. मग मसुदा राजपत्रात छापतात. सहयोगी सदस्यांचा विरोध असेल, तर तोही त्याच्या शेजारी छापला जातो. हरकती आणि सूचना मागवतात. आयोग जाहीर बैठका घेतो, आणि गावोगावची माणसे येऊन म्हणणे मांडतात. आमचं गाव या ओढ्याच्या पलीकडे का टाकलं? आमचा बाजार त्या तालुक्याला, आणि आमदार या तालुक्याचा, असं का? हे सारे ऐकून आयोग अखेरचा आदेश काढतो. तो लोकसभेपुढे आणि विधानसभेपुढे ठेवला जातो, पण त्यात काना-मात्रेचाही बदल करण्याचा अधिकार त्यांना नाही.

या शेवटच्या वाक्याचे महत्त्व समजायला पुन्हा इंग्लंडात जावे लागेल. तिथेही १९४४ च्या कायद्याने सीमा आयोग आले, आणि चांगले निःपक्षपाती आले. पण त्यांच्या शिफारशींना पार्लमेंटची मंजुरी लागे. १९६९ साली आयोगांनी नव्या हद्दी सुचवल्या. मजूर पक्षाचे गृहमंत्री जेम्स कॅलहॅन यांनी त्या रिवाजाप्रमाणे सभागृहापुढे मांडल्या, आणि आपल्याच पक्षाच्या सभासदांकडून त्या फेटाळून घेतल्या. १९७० ची निवडणूक जुन्याच हद्दींवर झाली. मोजणी झाली, खुणा घातल्या, आणि रात्रीतून कोणी उपटून टाकल्या, असा हा प्रकार. ही फट बुजायला तिथे २०२० साल उजाडले. आपल्याकडे ती १९५२ च्या अनुभवी शहाणपणाने आधीच बुजवलेली होती.

कोर्टाची वाट? घटनेच्या ३२९ व्या कलमाने तीही बंद केली होती. उज्जैनचे एक गृहस्थ होते. १९६४ च्या आदेशाने त्यांचा मतदारसंघ राखीव झाला आणि त्यांची उभे राहण्याची संधी गेली. ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६६ साली न्यायालयाने निकाल दिला, की आयोगाचा आदेश हा कायद्यासारखाच आहे. तो आव्हानाला मोकळा ठेवला, तर कोणीही मतदार उठून निवडणुका अडवून धरील. पुढे २०२४ साली मात्र गुजरातेतल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने दार थोडे किलकिले केले. आदेश उघडउघड मनमानी असेल, घटनेच्या मूल्यांशी त्याचा मेळच बसत नसेल, तर न्यायालय त्याकडे पाहू शकते, असे सांगितले. माझ्या मते हे ठीकच झालं. मोजणीच्या खुणा मानायच्या हे खरं. पण मोजणीदारच वाट चुकला, तर त्याला विचारणारा कुणीतरी हवा.

इथवर पहिल्या प्रश्नाचं झालं. बांध शेतकऱ्याने स्वतः घालायचा नाही. तिऱ्हाइताने घालायचा, नियमाने, सर्वांदेखत, आणि पक्का. आता दुसरा प्रश्न. पुन्हा केव्हा मोजायचा?

घटनेने उत्तर दिले होते : दर खानेसुमारीनंतर, म्हणजे दहा-दहा वर्षांनी. त्याप्रमाणे १९५१, १९६१, १९७१ च्या खानेसुमारींनंतर मोजणी झाली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ साली विधानसभेत २६४ जागा होत्या, १९६७ साली २७० झाल्या, १९७८ साली २८८ झाल्या. लोकसभेतल्या आपल्या जागा ४४ वरून ४५ आणि मग ४८ झाल्या. आणि तिथे घड्याळ थांबले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने सांगितले, की २००० सालानंतरच्या पहिल्या खानेसुमारीपर्यंत जागांना हात लावायचा नाही. कारण वरवर योग्य होते. देशात कुटुंबनियोजनाची मोहीम चालू होती. ज्या राज्यांनी ती मनापासून राबवली त्यांची लोकसंख्या कमी वाढणार, आणि त्यांच्याच जागा कमी होणार! चांगल्या कामाची ही शिक्षा कशाला?

पण जागांबरोबर राज्याच्या आतल्या हद्दीही गोठल्या. ही गोष्ट सामान्य माणसाच्या ध्यानात आली नाही. तीस वर्षे माणसे चालत राहिली. रत्नागिरीचा चाकरमानी आधी गिरणगावात आला. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, चाळी आकसल्या, तो डोंबिवली-कल्याणला, वसई-विरारला गेला. उद्योग वाढले, कारखाने आले, उत्तरेतून दक्षिणेतून लोक आले. आणि मतदारसंघाच्या हद्दी १९७१ ची लोकसंख्या धरून स्वस्थ बसलेल्या.

आता पुन्हा पाटी-पेन्सिल घ्या. २००१ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाख ३१ हजार भरली. पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता. त्या जिल्ह्याला विधानसभेच्या जागा १३. म्हणजे एका आमदारामागे सव्वासहा लाख माणसे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार, जागा ७. एका आमदारामागे दोन लाख बेचाळीस हजार. दोन सख्ख्या भावांची गोष्ट धरा. थोरला चिपळूणजवळ घरची शेती बघतो, धाकटा डोंबिवलीला नोकरी करतो. एकाच आईच्या हातचं जेवलेले. पण निवडणुकीच्या दिवशी थोरल्याच्या मताचं वजन धाकट्याच्या अडीचपट! कुणी बांध कोरला नाही. कुणी लबाडी केली नाही. मोजणी केली नाही, एवढंच.

कुलदीप सिंग आयोगापुढे हे काम आले. आधी १९९१ चे आकडे धरायचे ठरले होते. २००३ च्या घटनादुरुस्तीने २००१ चे धरायचे ठरले. राज्याची एकूण लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार. तिला २८८ ने भागा. प्रत्येक मतदारसंघाला सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे आली. शंभरात दहा इकडे-तिकडे झाली तरी चालतील, एवढी मोकळीक आयोगाने ठेवली. मग प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याच्या जागा काढल्या. जिल्ह्यात तालुके, तालुक्यात महसूल मंडळे, मंडळात तलाठ्याच्या सजा, शहरात वॉर्ड, असे चिरे एकावर एक रचत मतदारसंघ उभे केले. वायव्येकडून सुरुवात करायची आणि नागमोडी जात दक्षिणेला संपवायचे, हा क्रमही आधीच ठरवलेला. म्हणून पूर्वी ज्या यादीत सावंतवाडी पहिली होती, तिथे आता नंदुरबारकडचे अक्कलकुवा पहिले आहे, आणि २८८ वे सांगलीकडचे जत.

हिशेब काय निघाला? ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. रत्नागिरीच्या ७ वरून ५ झाल्या. मुंबई शहर जिल्ह्याच्या १७ च्या १० झाल्या, आणि उपनगर जिल्ह्याच्या १७ च्या २६. नव्या वाटणीत ठाण्यातल्या एका आमदारामागे सरासरी ३ लाख ३८ हजार माणसे आली आणि रत्नागिरीतल्या आमदारामागे ३ लाख ३९ हजार. दोघे भाऊ पुन्हा एका पंक्तीला बसले.

आणखी एक हिशेब मिटला. १९५६ साली बाबासाहेबांच्या मागोमाग लाखो लोकांनी बौद्ध धर्म स्वीकारला. धर्म बदलताच कायद्याच्या लेखी ते अनुसूचित जातींत राहिले नाहीत. १९७१ च्या आकड्यांत त्यामुळे अनुसूचित जातींचे प्रमाण कमी दिसले, आणि विधानसभेत राखीव जागा १८ च राहिल्या. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींत गणले जाऊ लागले, आणि २००१ च्या मोजणीत ते आले. राखीव जागा २९ झाल्या. माणसं तिथेच होती. वही त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

१९ फेब्रुवारी २००८ पासून हा आदेश लागू झाला. २००९ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुका आपण नव्या हद्दींवर लढवल्या.

आता तुम्ही विचाराल, सारेच गोड झालं का? नाही. मोजणीनंतर कुणाचं ना कुणाचं झाड पलीकडे जातंच. कोकणातला राजापूर लोकसभा मतदारसंघ नकाशावरून गेला. बॅरिस्टर नाथ पै आणि प्राध्यापक मधु दंडवते यांना दिल्लीला पाठवणारा तो मतदारसंघ. विदर्भाच्या विधानसभेतल्या जागा ६६ वरून ६२ झाल्या, आणि तिथल्या माणसाला ते लागलं. विकासात मागे पडलो म्हणून माणसं गाव सोडून गेली, आणि माणसं गेली म्हणून आमचा आवाजही कमी केला, असं कोकणानं आणि विदर्भानं म्हटलं तर त्याला केवळ भागाकाराने उत्तर देता येणार नाही. मावळ मतदारसंघ पाहा. सहा विधानसभा मतदारसंघांचा एक लोकसभा मतदारसंघ बसवायचा म्हणून पनवेल, कर्जत, उरण हे घाटाखालचे आणि मावळ, चिंचवड, पिंपरी हे घाटावरचे एकत्र आले. मधे सगळा सह्याद्री उभा! गणित बरोबर आहे, पण उमेदवाराला बोरघाट चढावा-उतरावा लागतो. सारखी माणसं वाटा हा नियम आणि भूगोल पाहा हा नियम, यांचं नेहमीच पटत नाही. तिथे आयोगालाही एकाकडे झुकावंच लागतं. निःपक्षपाती माणूस म्हणजे कुणालाच न दुखवणारा माणूस नव्हे. आपल्या फायद्यासाठी न दुखवणारा, इतकाच त्याचा अर्थ.

आणि एका बांधाला या आयोगानेही हात लावला नाही. तसा अधिकारच त्याला नव्हता. तो म्हणजे राज्याराज्यांमधला. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक राज्याच्या लोकसभेतल्या जागा १९७१ च्याच लोकसंख्येवर ठेवल्या. २०२६ नंतरच्या पहिल्या खानेसुमारीचे आकडे येईपर्यंत, अशी मुदत घातली. २००१ च्या आकड्यांनी पाहिले तर राजस्थानात एका खासदारामागे साडेबावीस लाखांवर माणसे येत होती, आणि केरळात सोळा लाखांच्या आत. राजस्थानचा माणूस म्हणतो, माझं मत हलकं का? केरळचा म्हणतो, आम्ही घरं लहान ठेवली, मुली शिकवल्या, त्याचं हे बक्षीस का? दोघांचंही म्हणणं खोटं नाही. हा तंटा मोजणीदाराने मिटण्यासारखा नाही, कारण साखळी कोणत्या मापाची घ्यायची हाच तंटा आहे. माप ठरवायचं काम घराच्या कर्त्यांचं, म्हणजे संसदेचं, आणि संसदेमागे उभे असलेल्या तुमचं-माझं. माप एकदा ठरलं, की मग साखळी तिऱ्हाइताच्या हाती द्यावी. या दोन कामांची गल्लत होऊ देऊ नये, एवढीच माझी सूचना आहे.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं. निवडणूक आली की आपण उमेदवार कोण, चिन्ह कोणतं, याची चर्चा पारावर करतो. पण हद्दींचा मसुदा जेव्हा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापून येतो, तेव्हा तो कंटाळवाणा कागद म्हणून बाजूला टाकतो. महसूल मंडळांची आणि सजांची ती यादी वाचायला रुक्ष असते, कबूल आहे. पुढाऱ्यांची माणसं मात्र ती ओळीओळीने वाचतात. पुढची मोजणी होईल तेव्हा तुम्हीही ती वाचा. आपलं गाव, आपला वॉर्ड कुठे गेला ते पाहा. पटलं नाही तर मुदतीत हरकत लिहून द्या, जाहीर बैठकीला जा, दोन शब्द बोला. त्या बैठकीला आमदाराला जेवढा मान, तेवढाच तुमच्या अर्जाला. मत तर तिथे आमदारालाही नसतं!

मोजणीला गैरहजर राहिलेला खातेदार पुढे जन्मभर बांधाकडे बोट दाखवत बसतो. गावच्या शेतात आपण ती चूक सहसा करत नाही. मताच्या शेतातही करू नये.